दहा धुणी

"पाच मिनिटं. मदत करायची नाही, हातही लावायचा नाही," ओर्लाने विक्रांतला बजावलं आणि त्याच्या वडिलांकडे वळून ती हसली. "घरी जे नेसता तेच नेसा, पद्माकर. चालेल, ग्रँड."

ओर्ला हॉस्पिटलची थेरपिस्ट. आयर्लंडमधल्या कासलबारच्या त्या वॉर्डात तिच्या कागदावर सगळं ठरायचं. ज्याला आपलं आपण नेसता येतं, बाथरूमपर्यंत जाता येतं, तो घरी. बाकीचे नर्सिंग होममध्ये. विक्रांत आणि त्याची बायको यामिनी दिवसभर प्लांटवर कामाला, मग म्हाताऱ्याला कपडे घालायला घरी बसणार कोण?

पद्माकररावांना पँट नको होती. मोंबासाच्या बंदरात तीस वर्षं स्टोअरकीपरी केलेला माणूस, घरात जन्मभर तिकडची किकोईच नेसला. लुंगीसारखं सुती वस्त्र, टोकांना दशा. गाठ मारायची नाही. एक टोक दुसऱ्यावर आणायचं आणि कमरेचा काठ तीनदा खाली गुंडाळायचा. अर्धांगाचा झटका आला तेव्हाही अंगावर तीच होती. डावा हात गेला, पण पठ्ठ्याने पंधरा दिवस तालीम केली. एक टोक पोटाने बेसिनच्या कडेला दाबून धरायचं, दुसरं उजव्या हाताने फिरवून आणायचं. परवा तर ती नेसून ते दारापर्यंत चालत गेले. परवाच विक्रांतने ती धुवायला म्हणून नेली.

आता त्याने पिशवीतून किकोई काढली. निळी, कोरी, इस्त्रीची घडी न मोडलेली.

"ही कुठली?"

"तुमच्याच बॅगेतली, बाबा. जुनी पार विरली होती हो. चार लोकांत बरं दिसत नाही."

"धुतलीस?"

"नवी तर आहे. धुवायची कशाला?"

"नवी किकोई दहा धुण्यांशिवाय अंग धरत नाही रे," पद्माकरराव म्हणाले. ओर्लाने घड्याळ लावलं होतं.

त्यांनी टोक दाबलं, फिरवलं, काठ गुंडाळला. एक, दोन, तीन. झकास नेसली होती. ते बेसिनपासून निघाले. पण खळीचं कापड ते. तिसऱ्या पावलाला काठ आपसूक उलगडला आणि किकोई घोट्यांभोवती येऊन बसली.

म्हातारा अर्ध्या चड्डीत उभा. विक्रांत पुढे झाला तसा ओर्लाने हात आडवा घातला. तिलाही वाईट वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम. कापड पायाने वर उचलून घेण्यातच दीड मिनिट गेलं. दुसऱ्या खेपेला दोनच पावलं झाली. तिसऱ्या खेपेला काठ गुंडाळता गुंडाळता वेळ संपली.

ओर्लाने लगेच काही लिहिलं नाही. "उद्या अकराला त्यांचं घरी जायचं ठरवायची मीटिंग आहे," ती विक्रांतला म्हणाली. "दहा वाजता मी आणखी एकदा बघीन. शेवटचं. त्यांची ती जुनी घेऊन या."

पद्माकररावांना एवढं इंग्रजी चांगलं कळत होतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ते मोकळं हसले.

"जुनी आण तू. मग बघ. आणि यामिनीला सांग, उद्या रात्री भात जरा मऊ कर. घरी जेवतो."

"हो बाबा," विक्रांत म्हणाला.

बाहेर पाऊस होता. गाडीची काच आतून धुरकटली होती. विक्रांतने दाराच्या कप्प्यातून फडकं काढलं. ते विरलेलं कापड काल त्यानेच फाडून तीन फडकी केली होती, दोन स्वयंपाकघरात, एक गाडीत. या तुकड्याला दशा अजून तशाच होत्या. तो बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसला. मग निघायला तर हवंच होतं.

त्याने ते एकदाच फिरवलं. काच लख्ख झाली.