पोटावरचा हात

बासष्ट किलो वजन उतरल्याचे काट्याने सांगितले, त्या दिवशी दत्तू खैरमोडे यांनी गेलेल्या बायकोच्या तसबिरीपुढे पेढा ठेवला. बारीक व्हा, असा तिने जन्मभर धोशा लावला होता. आता पोटाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती. ती लपवायला ते भर उन्हाळ्यात कोट घालून फिरत.

कातडी आवळणाऱ्या यंत्राला तरुणपणीचा उघड्या अंगाचा फोटो लागे. त्यात दिसेल तसे पोट ते करून देई. दत्तूंकडे असा एकच फोटो होता, लग्नानंतर हळद उतरवतानाचा.

"काका, फोटो चौथ्यांदा नापास," यंत्राच्या केंद्रातली मुलगी म्हणाली. "काकूंचा हात तुमच्या पोटावर आहे. यंत्र तो पोटाचाच भाग धरतं."

"मग धरू दे की!"

"अहो, पोटावर पाच बोटं उमटतील! फोटोतला हात पुसते मी. मिनिटाचं काम."

दत्तू करवादले, "चाळीस वर्षं तो हात तिथं आहे, आणि तू मिनिटात पुसणार?"

"मग फॉर्मवर काय लिहू?"

"लिही, म्हातारा ऐकत नाही."

त्यांनी कोटाची बटणे लावली. फोटो पुन्हा घरच्या भिंतीवर गेला. कातडी आवळायची राहिली आहे.