उतू गेलेलं दूध

“शेगडी बंद करू नकोस हं. चांगलं उतू जाऊ दे,” आई व्हिडिओ कॉलवरून म्हणाली.

कॅनडात शिकायला आल्यापासून मी मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होते. परवडेल अशी खोली आज कुठे मिळाली होती, तीही कॉलेजपासून दोन बस बदलून. मग नव्या घरात दूध उतू घालायला नको? लालभडक शेगडीवर दूध ओसंडलं, चर्र झालं, धूर झाला आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. तिकडे आईनं भक्तिभावानं हात जोडले.

मी कोट न घालताच बर्फात पळाले. मागोमाग घरमालकीणबाई आल्या. घरात आपण दोघीच, तळघरात नुसतं जुनं सामान, असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. पण आता त्या तळघराच्या दाराकडेच टक लावून बघत होत्या.

ते दार उघडलं. पांघरुणं लपेटलेली मुलंमुली एकामागून एक बाहेर येऊ लागली. संपतच नव्हती! शेवटची मुलगी डोळे किलकिले करत माझ्याजवळ येऊन थांबली. माझ्या कुडत्याला करपलेल्या दुधाचा वास येत होता.

“दूध उतू घातलंस?” तिनं चक्क मराठीत विचारलं.

मी मान डोलावली.

“वरची खोली आधी माझी होती,” ती म्हणाली. “मीही घातलं होतं. त्याच दिवशी बाईंनी मला खाली हलवलं. दुसरीकडे कुठे परवडणार? चल, माझ्या शेजारची गादी रिकामी आहे.”