माळ्यावरचा नवरा

जोहे गावच्या गणपती कारखान्यात मूर्तींवरून रबरी साचे सोलताना तिच्या हातांवर लाल चट्टे उठत. तसेच चट्टे मांड्यांत दिसले, तेव्हा एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या नवऱ्याने धसका घेतला. कंडोम वापरूनही आपला आजार हिला लागला, असं मानून तो माळ्यावर झोपू लागला. तिचं रक्त निर्दोष निघालं, तरी तो खाली उतरेना. कामावरून सुटल्यावर तिने त्याला पेणच्या औषधांच्या दुकानात आणलं. "मला रबर सोसत नाय. बिनरबराचे कंडोम हायत?" "मागवावे लागतील," दुकानदार म्हणाला. "आठवडा जाईल." रांगेत मागे उभी असलेली बाई खोकली. नवरा कुजबुजला, "चल गो, लोक बघतात. काय अडलंय?" ती काउंटरला टेकली. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते. "मागवा, भाऊ," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "तुमी आजपासून खाली झोपा. नुसतं झोपायला रबर लागत नाय."