उभ्या गाडीची बॅटरी

मारोतरावांनी चार्जिंगच्या झाकणाला बांधलेली सुतळी तपासली. गाठ तशीच होती. कोणी हात लावला नव्हता. तरी काल दुपारी ऐंशी टक्के असलेली बॅटरी आज सकाळी अडुसष्टवर आली होती.

गाडी म्हणजे विजेवर चालणारा छोटा ट्रक. केळापूरजवळच्या आपल्या गावातून रोज सकाळी भाजीचे कॅरेट भरून ते पांढरकवड्याला पोचवत आणि अकराच्या आत परतून गाडी अंगणात, रस्त्याकडे तोंड करून लावत. मग दुसऱ्या सकाळपर्यंत ती जागची हलत नसे. दिवाळीपासून मात्र उभ्या गाडीतली बॅटरी कुठंतरी जात होती.

आधी त्यांना उंदरांचा संशय आला. मग शेजारच्या बबनरावांचा. बबनराव चार्जिंगची वायर पोचेल इतक्या अंतरावर राहत आणि त्यांचा फोन नेहमी चार्ज झालेला असे. म्हणून ती सुतळी. शेवटी त्यांनी पांढरकवड्याच्या नौशाद मेकॅनिकला बोलावून घेतलं.

नौशादने तासभर गाडी तपासली. वायरी पाहिल्या, लॅपटॉप जोडला. मग समोरच्या काचेमागच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"काका, गाडीत फॉल्ट नाही. हा कॅमेरा कोणीतरी फोनवरून चालू करते. तो चालू झाला की सारी गाडी जागी होते. रोज दुपारी एक वाजता आन् संध्याकाळी सातच्या सुमारास. अर्धा-अर्धा, पाऊण-पाऊण तास."

तो कॅमेरा अक्षयने बसवून घेतला होता. साठी उलटलेला बाप एकटा गाडी चालवतो, म्हणून. त्याचं ॲपही अक्षयने आपल्या फोनात घेतलं होतं. अक्षय पुण्याला कंपनीत होता. रविवारी फोन करायचा, दोन मिनिटं बोलायचा आणि ठेवून द्यायचा. पोराला आपली आठवण येत नाही, असं मारोतरावांनी मनाशी धरून ठेवलं होतं. पण दुपारी एकला त्याची जेवणाची सुट्टी असायची. सातला तो कंपनीतून सुटायचा.

कॅमेरा बंद करून देतो, असं नौशाद म्हणाला. मारोतरावांनी त्याचा हात धरला.

"राहू दे. आवाजही जाते का याच्यातून?"

"जाते ना."

त्या दिवशी मारोतरावांनी सुतळी सोडली आणि गाडी वळवून ओसरीकडे तोंड करून लावली. कायले उलटी लावली म्हणून बबनरावांनी विचारलं, तर सावली नीट पडते म्हणाले.

मग ते रोज साडेबाराला धुतलेला सदरा घालून खुर्ची समोर घेत आणि तिथंच ताट घेऊन बसत. गाडीची काच ओल्या फडक्याने पुसत. कधी तुरीची भरली शेंग समोर धरत, कधी मांजरीची पिल्लं एकेक उचलून दाखवत. काय जेवलो, कोण भेटलं, गुडघा कसा आहे, सगळं सांगत. बायको तुळसाबाई गेल्यापासून इतकं ते कोणाशीच बोलले नव्हते. सकाळी बॅटरी कमी दिसली की त्यांना बरं वाटे. एखाद दिवशी ती कमी झाली नाही, तर दिवसभर चैन पडत नसे.

रविवारच्या फोनवर त्यांनी अक्षयला यातलं काही विचारलं नाही. विचारलं तर पोरगा लाजेल आणि पाहणं बंद करेल, ही धास्ती होती.

तुळसाबाईंच्या श्राद्धाचा दिवस आला. पाहुणे जेवून गेले. मारोतराव गाडीसमोरच्या खुर्चीत येऊन बसले. मग त्यांनी मुलीचं नाव काढलं. राखीने पाच वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं, उमरखेडला संसार मांडला, आणि तेव्हापासून ते नाव या घरात कोणी घेतलं नव्हतं.

"अक्षय, तुही माय गेली तवा राखी आलती," ते काचेकडे पाहत म्हणाले. "मी मान वर केली नाही. ते गेली तशीच वापस. रागानं नव्हतं रे. तिच्याकडे पाह्यलं असतं तं मी चारचौघात रडलो असतो. तुले कुठं भेटली तं सांगजो तिले. म्हणा, बाप वाट पाहते."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि ताट न वाढताच आत गेले.

चौथ्या दिवशी ते बाजारातून परतले तेव्हा ओसरीच्या पायरीवर राखी बसली होती. अंगाने भरली होती. शेजारी एक बॅग, मांडीवर अडीचेक वर्षांची मुलगी. मारोतरावांनी गाडी थांबवली; पण दार उघडायला हात उचलेना. राखीच पुढं आली. तिने दार उघडलं आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही.

"अक्षयनं सांगितलं ना तुले?" त्यांनी विचारलं. "मले माहीत होतं, तो सांगन. रोज पाह्यते मले पोरगा."

तेवढ्यात ती लहानगी पायरीवरून उतरली, धावत आली आणि जराही न बुजता दोन्ही हात वर करून त्यांच्यासमोर उभी राहिली. मारोतरावांनी खाली उतरून तिला उचलून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या माणसाच्या खांद्यावर तिने निवांत डोकं टेकलं.

"हे मले भ्याली कशी नाही?" मारोतराव म्हणाले.

"अक्षयनं दिवाळीतच ते ॲप माह्या फोनात टाकून देल्लं, बाबा," राखी म्हणाली. "हे खुशी तुम्हाले पाह्यल्याशिवाय घासच घेत नाही."