सगळे सरांचेच तास

डॉक्टर सरांच्या फुटलेल्या कपाळाला टाके घालत होते. खिडकीबाहेर अजून दुकानं जळत होती.

“आमदारांच्या सभेतलं भाषण तू लिहिलंस?” सरांनी शेजारी उभ्या माजी विद्यार्थ्याला विचारलं. “इतिहासातला अपमान, मानसशास्त्रातली भीती, वर कवितेची लय. सगळे माझेच तास!”

“हो सर. साहेबांनी कायम नोकरी दिलीय. पण दगड सुटतील असं वाटलं नव्हतं.”

“खोटं बोलू नकोस. पहिला आलायस तू.”

हवालदार आत आला. “सर, कुणी भडकावलं लोकांना?”

पदवीधरांना नोकऱ्या लागत नाहीत म्हणून सरांचा आंतरविद्याशाखीय विभाग मार्चमध्ये बंद होणार होता.

“काय की, मला कोणी दिसलं नाही,” ते म्हणाले.

हवालदार जाताच सर कुजबुजले, “नेमणुकीचं पत्र आण उद्या. कुलगुरूंना दाखवू.”