हिरूच्या दारातलं चेंबर

“आधी दोघंही बाहेर या. मग दाराला कुलूप लावा,” लियाकत म्हणाला.

हिरू ओट्यावर उभा होता. सत्तरीचा शेजारी, ज्यानं लियाकतला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. अशा माणसाला त्याच्याच घराबाहेर काढणं म्हणजे कहर होता. पण गेला महिनाभर हिरूनं जो छळ मांडला होता, त्यापुढे लियाकतला हे काहीच वाटत नव्हतं.

उद्या लेकीचा, फराहचा निकाह. खालापूरहून वऱ्हाड येणार होतं, घर आत्ताच पाहुण्यांनी भरलं होतं, आणि घरातलं सगळं सांडपाणी अजून परसातल्या जुन्या खड्ड्यात जात होतं. खड्डा लियाकतच्या अब्बांनी बांधलेला. “नातवंडांनाही उपसावा लागणार नाही,” असं ते गल्लीभर सांगत फिरायचे, आणि खरंच, ते जाईपर्यंत तो कधी उपसावा लागला नाही. पण म्हणूनच लियाकतला धास्ती होती. आजवर न उपसलेला खड्डा नेमका लग्नघरात तुंबला, तर व्याह्यांसमोर तोंड कुठं लपवायचं?

उपाय सरळ होता. घराचा पाइप गटाराच्या मेन लाइनला जोडायचा. मेन लाइन सुरू व्हायची ती हिरूच्या दारातल्या चेंबरपासून. त्या चेंबरमध्ये तोवर एकट्या हिरूच्या घरचा पाइप पडत होता.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. “माज्या भिंतीकडनं खणायचं नाय,” हिरूनं सांगून टाकलं. कारण विचारलं की उठून आत जायचा. लियाकतनं रीतसर परवानगी आणली, तरी हा फावड्यासमोर आडवा. शेवटी म्हणाला, “पल्याडच्या कडंनं ने. लांब पडंल, पन भिंतीकडनं नको.” त्या वळशात दिवस गेले आणि काम लग्नाच्या आदल्या दिवसावर आलं. लियाकत त्याला पाण्यात पाहू लागला होता, तो काही उगाच नाही.

पदू प्लंबर चेंबरमध्ये कमरेपर्यंत उतरला होता. भिंतीला भोक पाडून त्यानं तळाशी नवा पाइप बसवला होता आणि आता त्याभोवती सिमेंट लिंपत होता.

“सिमेंट धरेपर्यंत हितं थेंब नको,” तो म्हणाला. “पाणी आलं तर जोड धुऊन जाईल. माल संपलाय. मग लग्नाआधी काय जमायचं नाय.”

म्हणून ते कुलूप. हिरूची बायको अंबूबाई पदर खोचत बाहेर आली, कुलूप लावलं आणि किल्ली लियाकतच्या पुढ्यात धरली.

“घे, बाबा. तुज्याजवळच ठेव. आता तरी जिवाला गार वाटंल का?”

लियाकतला लाज वाटली. तरी त्यानं किल्ली घेतली, खिशात टाकली आणि ओट्यावर टेकलेल्या त्या दोघांसमोर पायरीवर पहारा देत बसला.

लियाकतच्या घरातून बायकांची गाणी ऐकू येत होती. हिरूचं लक्ष चेंबरकडे नव्हतंच. तो सारखा तिकडं बघत होता.

“लियाकत, तुज्या घरी पन सांग की. जरा पाणी सोडू नका म्हनावं.”

“आमच्या पाण्याचा हितं काय संबंध? ते खड्ड्यात जातं.”

“तरी पन सांग, रं. घटकाभराचा तर सवाल हाय.”

“फराहला हळद लावतायत. घर भरून बायका हायत. हात धुवू नका म्हणून सांगू?” लियाकत हसला. “तुमचा पाइप दर पावसाळ्यात तुंबतो, काका, आमचा नाय. दोन माणसं तुमी, एवढं खाता तरी काय?”

हे तो दरवर्षी विचारायचा. हिरू बांबूच्या कामट्या घालून पाइप मोकळा करत असला की लियाकत कुंपणावरून बघायचा आणि मनातून खूश व्हायचा.

हिरू उठला. “थांब. मीच सांगून येतो.”

“बसा खाली!” लियाकत आडवा झाला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मागच्या बाजूनं जाऊन हा स्वतःच्या टाकीचा कॉक सोडणार, हे शेंबडं पोरही सांगेल. “जोड पक्का होईस्तोवर हलायचं नाय हितून.”

हिरू बसला. अंबूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, नको म्हणून.

एवढ्यात चेंबरमधून गुडगुड आवाज आला.

“पाणी!” पदू ओरडला. “काकांच्या पाइपातनं पाणी आलं!”

त्यानं दोन्ही हात जोडावर दाबून धरले. लियाकतचं डोकंच फिरलं. त्यानं हिरूचा सदरा गच्च धरला.

“आत कोनाला ठेवलंय? माझ्या पोरीचं लग्न नासवायला बसलाय तुमी?”

लियाकतनं कुलूप काढलं आणि तो घरात घुसला. मोरी कोरडी होती. संडास कोरडा होता. नळ पिळून बंद केलेले. माळ्यावरसुद्धा त्यानं पाहिलं. घरात चिटपाखरू नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा पदू चेंबरमधून वर बघत होता. एका हातानं जोड दाबून त्यानं दुसऱ्या हाताचा तळवा वर धरला. तळवा पिवळाधमक झाला होता. हळदीचा आणि चंदनाचा वास लियाकतच्या नाकापर्यंत आला. पलीकडे त्याच्या घरात बायका हसत होत्या आणि बादल्या खळाळत होत्या.

हिरूनं चुरगळलेला सदरा नीट केला आणि मान खाली घातली.

“तो खड्डा पैल्याच पावसात ढासळला हुता, रं,” तो हळूच म्हणाला. “तवाच तुमचा पाइप भिंतीकडनं माज्या पाइपाला जोडला. तुज्या अब्बांनी हात जोडले, लियाकतला कदी कळू देऊ नको म्हनाले.”