मोहरीएवढ्या कोळ्याचं नाव

या मायबाप, असे जवळ सरका. एका इवल्याशा जिवाची गोष्ट सांगतो. कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंना ओढ्याकाठच्या एका झाडावर, पानाच्या सुरळीत, मोहरीएवढ्या कोळ्यांची जोडी सापडली. अशी जात आजवर कुणी पाहिली नव्हती. नेमका तिथूनच नवा रस्ता जाणार होता, आणि रस्त्याचा इंजिनिअर ताईंचा धाकटा भाऊ.

"ताई, मोहरीसाठी रस्ता वळवू? साहेब मला वेड्यात काढतील. नाव तरी काय त्यांचं?"

"अजून नाही रे ठेवलं."

"मग छापील नाव आण. तोवर झाडाला कुणाला हात लावू देत नाही, जा!"

नाव द्यायचं तर मारून जपलेला नमुना लागतो, नर आणि मादी दोन्ही. ताईंनी हात जोडले आणि जोडी स्पिरिटच्या बाटलीत सोडली. मग सूक्ष्मदर्शकाखाली पायांवरचा केस न् केस चितारला, वर्णन लिहिलं, शास्त्राच्या मासिकात नाव छापून आणलं.

भावानं शब्द पाळला होता. रस्ता झाडाला वळसा घालून गेला होता.

"घे तुझी मोहरी!" तो हसत म्हणाला.

ताईंनी शिडी लावून पान न् पान उलगडलं.

"काय गं, आहेत ना?"

ताईंनी शेवटची सुरळी भावापुढे धरली; तीही रिकामी. त्या जातीत उरलेली जोडी तेवढीच होती, बाटलीतली.

मायबाप, देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या दोघांचीही आठवण काढा. आता नाव आहे त्यांना.